पडवीतली मुले

कोकणातल्या जुन्या शाळेला पडवी ही असायचीच. जांभ्या दगडाच्या भिंती, वर कौले, आत शेणाने सारवलेली जमीन आणि पुढे तीन-चार हात रुंदीची, अर्ध्या भिंतीची पडवी. मृग लागला की पुढचे चार महिने तिचा उपयोग मोठा. ओली इरली, घोंगड्यांच्या खोळी आणि पायांचा चिखल पडवीत राहायचा आणि मुले आत जायची. वाऱ्याबरोबर पावसाची झड आली की पडवी निम्म्याहून अधिक भिजून जाई. तेथे कोणी बसून शिकावे, अशी ती जागाच नव्हे. तरीही या रत्नागिरी जिल्ह्यात काही मुले पडवीतच बसून धुळाक्षरे गिरवीत राहिली. ती तेथे का बसली आणि तेथून उठून आत कशी आली, ही हकीकत शाळांच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकांत सहसा सापडत नाही.

विषय शिस्तीचा आहे. शाळेच्या भिंतीवर नियमांची पाटी टांगलेली असते. वेळेवर यावे, नखे कापलेली असावीत, गुरुजी वर्गात आले की उठून उभे राहावे, शाळेच्या भिंतीवर रेघोट्या ओढू नयेत. पिढ्या गेल्या तरी ही पाटी फारशी बदललेली नाही. पण सर्वांत कडकपणे पाळला गेलेला नियम त्या पाटीवर कधीच लिहिलेला नव्हता. कोणी कोठे बसावे, हा तो नियम. उशिरा येणाऱ्याला केव्हातरी माफी मिळे, अभ्यास न करणाऱ्याला उद्याचा वायदा चाले. या नियमाला माफीही नव्हती आणि वायदाही नव्हता.

शिस्त हा शब्द आपल्याकडे फारशीतून आला. शिस्त धरणे म्हणजे नेम धरणे, हा त्याचा एक जुना अर्थ. टापटीप, वळण, व्यवस्था हे अर्थ त्याच्याच जोडीने रुळले. शाळेतल्या शिस्तीचा इतिहास वाचू लागले की हा जुना अर्थ अधूनमधून आठवल्यावाचून राहत नाही.

इंग्रजी अमदानीपूर्वीची पंतोजींची शाळा कोणाच्या ओसरीवर, देवळात, नाहीतर धर्मशाळेत भरे. धूळपाटी, मोडीचे वळण, पावकी-निमकी-पाऊणकी, आणि पंतोजींच्या हाती वेताची छडी. अंगठे धरून ओणवे उभे करणे, घोडी घालणे, कान धरून उठाबशा काढायला लावणे, असा शिक्षांचा साठा भरपूर. बळ्ळारीचा कलेक्टर कॅम्बेल याने १८२३ साली आपल्या जिल्ह्यातील शाळांचे वर्णन लिहून ठेवले आहे. सकाळी जो मुलगा सर्वांत आधी येई त्याच्या तळहातावर सरस्वतीचे नाव काढीत. दुसऱ्याच्या हातावर नुसते शून्य. म्हणजे स्तुतीही नाही आणि निंदाही नाही. तिसऱ्याला एक हलकी छडी, चौथ्याला दोन, आणि पुढे याच चढत्या क्रमाने. बळ्ळारी मद्रास इलाख्यातली खरी, पण पंतोजींचे गोत्र सगळीकडे एकच. मोठ्या मुलांनी लहानांना शिकवावे ही त्या देशी शाळांतली रीत अँड्र्यू बेल नावाच्या पाद्र्याने मद्रासेस उचलली, १७९७ साली तिच्यावर पुस्तक लिहिले, आणि ती विलायतेत जाऊन नव्या नावाने प्रतिष्ठित झाली. आमचा मॉनिटर तो हा.

पंतोजींची शाळा अस्पृश्यांच्या मुलांसाठी नव्हतीच. त्यामुळे त्यांना कोठे बसवायचे, हा प्रश्नही तिच्यापुढे नव्हता. तो उभा राहिला सरकारी शाळा निघाल्यावर, कारण त्या शाळा सर्व रयतेच्या पैशाने चालत. जून १८५६ मध्ये धारवाडच्या एका महार मुलाने मुंबई सरकारकडे अर्ज केला की मला सरकारी शाळेत घेत नाहीत. धारवाड त्या वेळी मुंबई इलाख्यात होते. सरकारने न्याय मुलाच्या बाजूला आहे हे मान्य केले आणि अर्ज फेटाळला. एकट्यासाठी शाळा बाकीच्यांना निरुपयोगी होऊ देणे बरे नाही, हे कारण. पुढे विलायतेतील वरिष्ठांनी हे मत उचलून धरले नाही. सरकारी खर्चाने चालणारी शाळा सर्व जातींना खुली असली पाहिजे, हे तत्त्व ठरले. १८८२ च्या हंटर कमिशननेही त्याच तत्त्वाचा पुनरुच्चार केला. तत्त्व कागदावर राहिले आणि मुलगा शाळेबाहेर राहिला.

धारवाडचा अर्ज जूनमधला. पुढच्याच महिन्यात, २३ जुलै १८५६ रोजी, रत्नागिरीस गंगाधरपंत टिळक या शाळामास्तरांच्या घरी बाळ गंगाधरांचा जन्म झाला. त्यांच्या बालपणीची शेंगांच्या टरफलांची गोष्ट महाराष्ट्रातल्या प्रत्येक मुलाने ऐकलेली आहे. मी शेंगा खाल्ल्या नाहीत, मी टरफले उचलणार नाही, असे त्या मुलाने मास्तरांना ठणकावले. ही गोष्ट शब्दशः घडली की भाविकांनी घडवली, याच्या खोलात मी शिरत नाही. महत्त्वाचे हे की आपण ती मुलांना कौतुकाने सांगतो. मास्तरांचा हुकूम मोडणारा मुलगा तिच्यात बेशिस्त ठरत नाही, बाणेदार ठरतो. आता हेच उत्तर धारवाडच्या मुलाच्या तोंडी घालून पाहा. मी काही केलेले नाही, मी बाहेर बसणार नाही, असे तो म्हणाला असता तर त्याची गोष्ट कोणत्या क्रमिक पुस्तकात आली असती?

असे म्हणणारे लोक पुढे निघाले, आणि ते याच जिल्ह्यात निघाले. दापोलीस १८१८ पासून इंग्रजांची लष्करी छावणी होती. जुनी माणसे अजून काप-दापोली म्हणतात, ते त्या कॅम्पावरून. पलटणीतून निवृत्त झालेले पुष्कळ महार शिपाई आणि सुभेदार दापोलीच्या आसपास स्थायिक झाले. मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे मूळ गाव असलेले सुभेदार रामजी सकपाळ हेही निवृत्तीनंतर कुटुंबासह काही काळ दापोलीस होते. त्यांचे धाकटे चिरंजीव भीमराव तेव्हा अगदी लहान. रामजी स्वतः पलटणीच्या शाळेत शिक्षक होते. पलटणीत शिपायांच्या मुलामुलींना शिकावेच लागे. घरात अक्षर आणि अंगात कवायत घेऊनच ही माणसे गावी परतत. जिल्ह्यात त्यांच्याइतकी शिस्तीची माणसे शोधून सापडली नसती. त्यांच्याच मुलांनी आत येऊ नये, हा गावाचा आग्रह होता.

या मंडळींत गोपाळबाबा वलंगकर हे मोठे नाव. महाडजवळच्या रावढळचे वलंगकर १८८६ साली लष्करातून निवृत्त होऊन दापोलीस राहिले, १८८८ साली त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका काढली, आणि ‘अनार्य दोष परिहारक मंडळी’ ही संस्था चालवली. १८९० नंतरच्या वर्षांत दापोलीच्या महार पेन्शनरांनी अर्ज केले की म्युनिसिपालिटीच्या शाळेत आमची मुले घ्यावीत. अर्ज एकदा करून ही माणसे थांबली नाहीत. कागद वर वर सरकवण्याची वाट त्यांना पलटणीत माहीत झाली होती. अखेर मुले शाळेत आली. पण बसली पडवीत. हजेरीपटात नाव आत आणि मूल बाहेर, अशी ती तडजोड. म्युनिसिपालिटीचा सनातनीपणाही शाबूत आणि सरकारचे तत्त्वही शाबूत. पडवी कोणत्या कामी येते, हे कोकणी माणसाला सांगावे लागत नाही. जो पाहुणा परत पाठवता येत नाही आणि आतही घ्यायचा नसतो, त्याला तेथेच बसवतात.

ही धडपड दापोलीसच का झाली, गुहागर-संगमेश्वरच्या खेड्यांतून का झाली नाही, याचा विचार मी पुष्कळ केला आहे. अस्पृश्यता सगळीकडे सारखीच होती. अन्यायाची जाणीवही सारखीच असणार. फरक होता तो रुपयाचा. दापोलीच्या सुभेदाराचे पेन्शन सरकारी तिजोरीतून येई. खेड्यातला महार खोताच्या जमिनीवर राबे, खोताच्या मळणीवर जगे आणि खोताच्याच मर्जीने झोपडीत राही. त्याने मुलाला पडवीतून आत बसवा म्हटले असते तर दुसऱ्या दिवशी चूल बंद. शाळेतला नियम कोण मोडू शकतो, हे शाळेत ठरत नव्हते. ते खळ्यावर ठरत होते.

सकपाळांचे कुटुंब पुढे साताऱ्यास गेले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमरावांचे नाव तेथील सरकारी शाळेत दाखल झाले. हाच दिवस महाराष्ट्रात २०१७ पासून विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. शाळेत त्यांना वेगळे बसावे लागे, आणि बसायला तरटाचा तुकडा घरून आणावा लागे. संध्याकाळी तो परत घरी न्यायचा, कारण शाळा झाडणारा गडी त्याला हात लावीत नसे. तहान लागली तर शिपायाने नळ सोडला पाहिजे. शिपाई नसेल तर पाणी नाही. बाबासाहेबांनी हे सारे पुढे इंग्रजीत लिहून ठेवले आहे, आणि लिहिण्याची पद्धत इतकी कोरडी आहे की वाचणाऱ्याच्याच घशाला कोरड पडते. या मुलावर छडी उगारल्याची गोष्ट त्यात नाही. अशा मुलाची वहीपाटीसुद्धा मास्तर हाती घेत नसत, मग छडीची गोष्टच कशाला?

याच सुमारास वरिष्ठ वर्गाच्या मुलांवरही शिस्तीचा नेम धरला गेला, पण तो वेगळ्या कारणाने. बंगालच्या फाळणीनंतर विद्यार्थी सभांना जाऊ लागले. ऑक्टोबर १९०५ मध्ये बंगाल सरकारचे कार्लाइल परिपत्रक निघाले आणि ६ मे १९०७ रोजी हिंदुस्थान सरकारचे रिस्ले परिपत्रक. शाळा-कॉलेजांतील मुलांनी राजकारणात पडू नये. पडतील तर शाळेचे अनुदान आणि मुलांच्या शिष्यवृत्त्या यांवर गदा येईल. पुण्यास मात्र परिपत्रकाची वाट पाहावी लागली नाही. ७ ऑक्टोबर १९०५ रोजी परदेशी कापडाची होळी झाली, आणि तिच्यात पुढाकार घेणाऱ्या विनायक सावरकर या विद्यार्थ्याला फर्ग्युसन कॉलेजने दहा रुपये दंड करून वसतिगृहातून काढले. प्रिन्सिपल होते रँग्लर परांजपे, आमच्याच दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे. रँग्लरसाहेबांना सरकारधार्जिणे ठरवून मोकळे होणे सोपे आहे. पण शाळा-कॉलेज हे ज्ञानाचे ठिकाण, तेथे बाहेरचे वारे नकोत, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. पंचाईत एवढीच की आतले वारेही कोठून तरी बाहेरूनच आलेले असतात.

दंड करणारा आणि दंड भरणारा, या दोघांचीही गाठ पुढे पडवीच्या प्रश्नाशी पडली. १९२१ ते १९२३ या काळात परांजपे मुंबई इलाख्याचे शिक्षणमंत्री होते. १९२३ चा प्राथमिक शिक्षणाचा कायदा त्यांच्याच कारकिर्दीतला. या कायद्याने प्राथमिक शाळांचा कारभार लोकल बोर्डांच्या आणि म्युनिसिपालिट्यांच्या हाती गेला. त्याच साली, ४ ऑगस्टला, सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेकौन्सिलात मंजूर झाला: सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या. एका हाताने दार उघडले. दुसऱ्या हाताने किल्ली गावातल्या प्रतिष्ठितांकडे दिली. लोकल बोर्डाचा सभासद निवडून यायचा तो खोतांच्या, सावकारांच्या आणि भटभिक्षुकांच्या मतांनी. सरकारी हुकूम त्याच्या टेबलावर यायचा, आणि तेथे त्याला पेंग यायची.

जानेवारी १९२४ मध्ये सावरकर रत्नागिरी जिल्ह्यात स्थानबद्ध झाले. जिल्हा सोडायचा नाही, राजकारणात पडायचे नाही, या अटी. १९३७ पर्यंत ते येथे होते. त्यांच्या राजकारणाविषयी तीव्र मतभेद आहेत आणि ते राहणार. येथे प्रश्न आहे तो तरटाचा. राजकारण बंद झालेल्या या माणसाने जी कामे हाती घेतली त्यांत शाळेत सर्व मुलांना सरमिसळ बसवणे हे एक प्रमुख काम होते. नुसती व्याख्याने देऊन हे होणारे नव्हते. शाळाशाळांतून हिंडून, आत डोकावून, कोणते मूल कोठे बसले आहे ते पाहावे लागे. कागदावर सरमिसळ आणि वर्गात वेगळे, असा प्रकार सर्रास चाले. मास्तर तरी काय करणार? त्याची बदली बोर्डाच्या हाती, त्याचे बिऱ्हाड गावात. अस्पृश्य पालकांकडे जाऊन मुले शाळेत धाडा म्हणून आर्जव करणे, त्यांना पाट्या-पेन्सिली आणि कपडे पुरवणे, हाही त्या कामाचाच भाग. स्पृश्य पालकांचे आक्षेप ठरावीक होते: मुले विटाळतील, घरी सोवळ्याची पंचाईत होईल, आम्ही मुले काढून घेऊ. काहींनी काढलीही. पण दुसरी शाळा काढायची म्हणजे खर्च आला, आणि कोकणी माणूस धर्मासाठीसुद्धा खर्च जपून करतो. शहरातल्या शाळांतून तरी मुले हळूहळू एकत्र बसू लागली. भागोजी कीर यांच्या पैशाने बांधलेले पतितपावन मंदिर फेब्रुवारी १९३१ मध्ये उघडले. रत्नागिरीत पाहुणे येतात ते मंदिर पाहायला. शाळेचे काम पाहायला कोणी येत नाही, कारण पाहण्यासारखे तेथे काही उरलेले नाही. मुले एकत्र बसलेली असतात, एवढेच.

तथापि शहर म्हणजे जिल्हा नव्हे. खेड्यांतल्या पडवीचे मूळ जमिनीत होते, आणि तेथवर पोचले ते आंबेडकर. शेजारच्या कुलाबा जिल्ह्यात, महाडला, २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. १९२८ च्या स्टार्ट कमिटीवर ते सभासद होते आणि अस्पृश्यांच्या शिक्षणाचा प्रश्न त्या कमिटीपुढे होता. पण मला या संदर्भात अधिक महत्त्वाची वाटते ती १४ एप्रिल १९२९ ची चिपळूणची शेतकरी परिषद. तिचे ते अध्यक्ष होते आणि विषय होता खोती. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी खोती नष्ट करण्याचे बिल मुंबईच्या कायदेमंडळात मांडले. ते त्या वेळी पार पडले नाही. खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने. शाळेच्या इतिहासात खोतीचे बिल कोणी घालत नाही. मी ते घालतो. खळ्यावरची सत्ता ढिली झाल्यावाचून पडवीतला बाप तोंड उघडू शकत नव्हता.

पुढे घटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता गेली, आणि शाळेत प्रवेश नाकारणे १९५५ च्या कायद्याने गुन्हा झाले. छडी मात्र तग धरून राहिली. तिला कायद्याने हात लागला तो २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने, आणि योगायोग असा की तेथेही कलम १७ वेच. एप्रिल २०१० पासून मुलाला मारणे किंवा त्याचा मानसिक छळ करणे बंद. आमच्या पिढीतल्या कित्येकांना हे अजून पटलेले नाही. आम्ही मार खाल्ला म्हणून वळण लागले, असे ते सांगतात. या जिल्ह्यातल्या पालगडचे साने गुरुजी अमळनेरच्या छात्रालयात मुलांचे विस्कटलेले अंथरूण स्वतः आवरून ठेवीत. मुलगा खोलीत येऊन ओशाळे आणि दुसऱ्या दिवसापासून आपण होऊन आवरी. त्या मुलांनाही वळण लागलेच.

मीही छडी खाल्लेली आहे. पऱ्याला पाणी आले होते, उतार मिळेपर्यंत अलीकडे उभा राहिलो, शाळेत पोचायला अर्धा तास उशीर झाला. हातावर दोन बसल्या. ती हकीकत मी आजवर पन्नास वेळा रंगवून सांगितली असेल. छडीचे असेच असते. तिच्या म्हणी होतात, गाणी होतात, शाळासोबती भेटले की वळ मोजले जातात. पडवीच्या अशा गोष्टी मला कोणी सांगितल्या नाहीत. माझ्या एका वर्गमित्राचे आजोबा पडवीत बसून चार यत्ता शिकले होते. मी एकदा त्यांना मुद्दाम विचारले, आजोबा, तुम्हाला मास्तर मारीत का? नाही म्हणाले. मग काय आठवते? ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “पावसाची झड आली ना बाळा, की पाटीवरचा सगळा पुसून जायचा. मास्तर आतून विचारायचे, लिहिलास काय रे? आता काय दाखवणार?”

गेल्या श्रावणात दापोली तालुक्यातल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत गेलो होतो. पट चौदा मुलांचा. मुंबईला गेलेली घरे परत येत नाहीत, त्यामुळे गावोगाव हीच तऱ्हा. इमारत जुनीच, पडवी तीच, फक्त कडेला पत्र्याची पाखी वाढवून झडीची सोय केली आहे. दुपारची घंटा झाली, आणि चौदाही मुले ताटल्या घेऊन पडवीत खिचडीला बसली. ज्याचे हात आधी धुऊन झाले तो आधी, अशी पंगत लागली. एक पोर मधेच घुसू पाहत होते. बाईंनी डाव वर उचलला आणि त्याला शेवटी जायला सांगितले.